वादळाआधीचा पैसा

२९ ऑगस्ट २००५, सोमवार. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुईझियाना राज्याच्या किनाऱ्यावर ‘कतरिना’ हे चक्रीवादळ आदळले आणि न्यू ऑर्लिन्स शहराला राखणारे बांध ठिकठिकाणी फुटले. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. छपरांवर अडकून पडलेली माणसे, सुपरडोम या बंदिस्त क्रीडागृहात कोंडलेले हजारो जीव, ही दृश्ये त्या वेळी आपल्यापैकी पुष्कळांनी टीव्हीवर पाहिली असतील. जे लोक शहर सोडून गेले नव्हते त्यांच्याविषयी तेव्हा बरेच बोलले गेले. हट्टी माणसे, सांगूनही ऐकत नाहीत, वगैरे.

आता त्या तारखेकडे पुन्हा एकदा पाहा. महिन्याची २९ तारीख. ज्या घरात पगार, पेन्शन किंवा सरकारी मदतीचा चेक एक तारखेच्या सुमारास येतो, त्या घरात २९ तारखेला काय उरलेले असते हे आम्ही आपल्याला वेगळे सांगायला नको. शहर सोडण्याचा सक्तीचा हुकूम निघाला रविवारी सकाळी, म्हणजे २८ तारखेला. शहर सोडायचे तर गाडी हवी, गाडीत पेट्रोल हवे, दोन-तीनशे किलोमीटरवर मुक्कामाचे भाडे हवे, मुलाबाळांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या खाण्यापिण्याला रोख पैसे हवेत. न्यू ऑर्लिन्समध्ये त्या काळी दर चार कुटुंबांपैकी एकाहून अधिक कुटुंबांकडे गाडीच नव्हती. इशारा सगळ्यांना मिळाला होता. तो पाळण्याची ऐपत सगळ्यांजवळ नव्हती.

आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो त्यालाच अटलांटिक महासागरात आणि मेक्सिकोच्या आखातात हरिकेन म्हणतात. तिकडे त्याचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा ठरलेला. वादळ येणार हे ठाऊक, कोणत्या महिन्यांत येणार हे ठाऊक, तरी एवढे श्रीमंत राष्ट्र इतके कसे गांगरले, याची चर्चा बांधांच्या अंगाने खूप झाली आहे. पैशाच्या अंगाने आपल्याकडे फारशी झालेली नाही. म्हणून हा लेख.

शहराचा संसार घराच्या संसारासारखाच असतो. न्यू ऑर्लिन्सच्या नगरपालिकेचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात विक्रीकरावर आणि पर्यटकांवर अवलंबून होते. शहर रिकामे झाले, दुकाने बंद पडली, हॉटेलांत पाणी शिरले, तशी आवक एका दिवसात आटली. खर्च मात्र थांबत नाही. उलट तो वाढतो. ऑक्टोबर २००५ च्या पहिल्याच आठवड्यात महापौर रे नागिन यांना जाहीर करावे लागले की पालिकेचे सुमारे ३,००० कर्मचारी कमी करण्यात येत आहेत. म्हणजे जवळजवळ निम्मी पालिका. ज्या वेळी शहराला माणसांची सर्वांत जास्त गरज होती, त्याच वेळी पगाराला पैसे नाहीत म्हणून माणसे घरी पाठवली गेली. आणि घरे तरी कुठे होती?

मग कर्ज का काढले नाही? कारण पतमापन संस्थांनी शहराची पत खाली आणली होती. ज्याचे घर बुडाले त्याला उधार कोण देणार? केंद्र सरकारच्या आपत्ती कर्जाची मर्यादा तेव्हा एका स्थानिक संस्थेला ५० लाख डॉलर होती. संसदेने ती या वादळापुरती उठवली, हे चांगलेच केले. पण त्याच कायद्यात अशी अट घातली की हे कर्ज माफ होणार नाही. आधीच्या आपत्तींत अशी कर्जे माफ होण्याची सोय होती. ती अट २००७ मध्ये काढून टाकण्यात आली, पण तोवर दोन वर्षे गेलेली. अडलेल्या कर्जदाराला सवड द्यावी, जमल्यास सोडून द्यावे, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवले जाते. तिथल्या कायदेमंडळाला ते दोन वर्षांनी सुचले.

आम्ही पेशाने शिक्षक असल्यामुळे पुढची हकीकत आम्हाला जास्त बोचली. न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी शाळांतील सुमारे ७,५०० कर्मचाऱ्यांना, त्यांत ४,००० हून अधिक शिक्षक होते, आधी बिनपगारी आपत्ती रजेवर ठेवले गेले आणि नंतर कामावरून काढले. यामागे केवळ तिजोरीचा खडखडाट नव्हता. राज्य सरकारने बहुतेक शाळा आपल्या ताब्यात घेतल्या होत्या, त्यात राजकारण होतेच. पण वादळाने रिकामी झालेली तिजोरी त्या राजकारणाच्या पथ्यावर पडली. शिक्षक कोर्टात गेले. २०१२ मध्ये खालच्या कोर्टात जिंकले आणि २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. ज्या शिक्षिका वीस-वीस वर्षे एकाच मोहल्ल्यात शिकवत होत्या, त्यांची नोकरी, घर आणि आरोग्य विमा एकाच हंगामात गेला. शहरातला मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय समाज मोठ्या प्रमाणात याच नोकऱ्यांवर उभा होता.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेत केंद्र सरकार मदत देतेच की. देते. रस्ते, इमारती, कचरा उपसणे यांवर झालेल्या खर्चाचा किमान ७५ टक्के हिस्सा ‘फेमा’ ही केंद्रीय आपत्ती संस्था भरून देते. कतरिनाच्या वेळी तर बहुतेक कामांत पूर्ण खर्च दिला गेला. पण मेख वेगळीच आहे. आधी खर्च करा, मग पावत्या दाखवा, मग पैसे मिळतील. ज्या पालिकेच्या खिशात पहिला डॉलरच नाही तिने खर्च करायचा कुठून? म्हणून शहाण्या किनारी नगरपालिका आता हंगामापूर्वीच दोन कामे करून ठेवतात. एक म्हणजे काही महिने पगार आणि पहिली कामे निघतील एवढी गंगाजळी बाजूला ठेवतात आणि एरवी तिला हात लावत नाहीत. दुसरे, पडलेली झाडे आणि मोडकी घरे उपसण्याचे कंत्राट, दरासहित, आधीच करून ठेवतात. वादळ आले नाही तर कंत्राटदाराला एक पैसा द्यायचा नाही. आले तर दुसऱ्या दिवशी ट्रक हजर, आणि दर जुनाच. वादळानंतर कंत्राट काढायला बसले की काय दर लागतात हे बांधकामाशी संबंध आलेल्या कोणालाही विचारा. प्रत्येक ट्रकमधला कचरा मोजून त्याची चिठ्ठी फाडली जाते, कारण उद्या त्याच चिठ्ठीवर फेमाचे पैसे मिळणार असतात.

चिठ्ठीचे महत्त्व कळायला चॅरिटी हॉस्पिटलचे उदाहरण पुरे. १७३६ मध्ये स्थापन झालेला हा गरिबांचा दवाखाना, १९३९ च्या मोठ्या इमारतीत चालणारा. कतरिनात तळघरात पाणी शिरले, तो बंद झाला आणि पुन्हा उघडलाच नाही. राज्याने नुकसानभरपाई म्हणून सुमारे ४९ कोटी २० लाख डॉलर मागितले. फेमाने सुरुवातीला देऊ केले फक्त २ कोटी ३० लाख! त्यांचे म्हणणे, इमारत आधीपासूनच जुनाट आणि दुर्लक्षित होती, वादळाने केलेले नुकसान थोडे. वादळाच्या आदल्या दिवशी इमारत कशी होती हे ठरवण्यातच वर्षे गेली. शेवटी जानेवारी २०१० मध्ये लवादाने ४७ कोटी ४८ लाख डॉलर मंजूर केले. नवे रुग्णालय उघडले २०१५ मध्ये. दहा वर्षे! गरिबांनी या दहा वर्षांत आजारी पडायचे नव्हते की काय?

याच्या उलट जमैकाचे पाहा. त्या छोट्या बेटाने २०२४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने १५ कोटी डॉलरचे आपत्ती रोखे काढले. करार साधा होता: वादळाचा मार्ग आणि त्याच्या केंद्रातील हवेचा दाब ठरलेल्या मापात बसला तर रक्कम सरकारला, नाहीतर गुंतवणूकदारांची रक्कम सुरक्षित. पंचनामा नाही, पावत्या नाहीत. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ आले, नुकसान झाले, पण दाबाचे माप भरले नाही म्हणून या रोख्यांतून काहीच मिळाले नाही, लोक संतापले. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा आले आणि पूर्ण १५ कोटी डॉलर मोकळे झाले. अशा रोख्यांत व्याज आहे, सट्ट्याचा अंश आहे, हे आम्हाला दिसते आणि आपल्या वाचकांनाही दिसेल. पण पैसा किती याइतकेच तो किती दिवसांत हाती पडतो हेही महत्त्वाचे, एवढे यातून जरूर घेण्यासारखे आहे.

विम्याकडे वळू. विम्याविषयी आपल्या घरांत मतभेद आहेत, उलेमांतही आहेत. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या लोकांचे काय झाले तेवढे सांगतो. तिथे घराच्या साध्या विम्यात वाऱ्याचे नुकसान भरून मिळते, पुराचे नाही. १९२७ च्या मिसिसिपी नदीच्या महापुरानंतर खासगी कंपन्यांनी पुराच्या विम्यातून अंग काढून घेतले होते. १९६५ मध्ये ‘बेट्सी’ वादळाने याच शहरात पाणी घुसवले, तेव्हा कुठे १९६८ मध्ये सरकारने स्वतः पूरविमा सुरू केला. त्यात घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख. आणि पॉलिसी घेतल्यापासून साधारणपणे ३० दिवस ती लागू होत नाही. वादळ आखातात दिसू लागल्यावर धावत जाऊन विमा घेण्याची सोय नाही. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही, हे तिथे कायद्यातच लिहून ठेवले आहे.

कतरिनानंतर हजारो घरांच्या बाबतीत प्रश्न उभा राहिला की घर वाऱ्याने पाडले की पाण्याने? किनाऱ्यावर काही ठिकाणी तर जोत्याखेरीज काहीच शिल्लक नव्हते. खासगी कंपनी म्हणे पाण्याने, म्हणजे आमची जबाबदारी नाही. ज्याच्याकडे पूरविमा नव्हता तो मधल्यामध्ये गेला. सरकारी पूरविम्याची अवस्थाही बिकट झाली. दावे भागवायला २००५ नंतर सुमारे १,७०० कोटी डॉलर सरकारी खजिन्यातून उसने घ्यावे लागले आणि २०१७ मध्ये संसदेने १,६०० कोटींचे कर्ज माफ केले. इथे मात्र माफी सुचली. असो. पुढे २०२० चे लॉरा आणि २०२१ चे इडा ही वादळे आली, तेव्हा लुईझियानात एकामागून एक बारा खासगी विमा कंपन्या बुडाल्या. लोकांनी वर्षानुवर्षे हप्ते भरले होते. अखेरचा आधार म्हणून राज्याची जी सरकारी विमा कंपनी आहे तिचे दर २०२३ मध्ये सरासरी ६३ टक्क्यांनी वाढले. विमा घ्यायचा तर तो कोणाकडून, त्या कंपनीच्या तिजोरीत किती, हेही पाहावे लागते, हा धडा तिथल्या लोकांना फार महागात पडला.

पण सर्वांत जास्त वेळ आम्हाला थांबायचे आहे ते घराच्या कागदांपाशी.

न्यू ऑर्लिन्सच्या पूर्वेला लोअर नाइन्थ वॉर्ड नावाची वस्ती आहे. कष्टकरी कृष्णवर्णीयांची. गरीब, पण भाडेकरूंची नव्हे. आजोबांनी पै-पै करून बांधलेली, कर्ज फिटलेली, स्वतःची घरे. कर्ज फिटलेले असल्यामुळे बँकेची पूरविम्याची सक्ती नाही, म्हणून पुष्कळांचा विमा नव्हता. लुईझियानाचा वारसा कायदा इंग्रजी नव्हे, फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा आहे. मृत्युपत्र नसेल तर घर सर्व मुलांचे सामाईक होते. आजोबा वारले, मुले वारली, नातवंडे राहू लागली. कोणी ह्यूस्टनला गेले, कोणी शिकागोला. घरपट्टी भरली जात होती, छप्पर दुरुस्त होत होते, सगळा मोहल्ला ओळखत होता की हे घर अमक्यांचे. पण सरकारी दप्तरात नाव आजोबांचेच.

वादळानंतर मदतीचा फॉर्म भरायला गेले तेव्हा खिडकीतल्या माणसाने एकच प्रश्न विचारला, घर तुमचे आहे याचा कागद दाखवा. हजारो कुटुंबे तिथे अडली. वारसाची नोंद करायची तर वकील हवा, विखुरलेल्या सगळ्या भावंडांच्या सह्या हव्यात, आणि हे सारे अशा वेळी की माणसे तंबूत आणि परगावी पडलेली आणि कागदपत्रे पाण्यात भिजून लगदा झालेली.

हे वाचताना कोकणातल्या आमच्या वाचकांना काही आठवले असेल. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने वर चढले, सुपारी आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले. पंचनामा झाला की तलाठी सातबारा पाहतो. आणि आपल्या किती घरांच्या सातबाऱ्यावर अजून दादाजानचेच नाव आहे? एक चाचा मुंबईत, एक कुवेतला, फुप्पी सासरी, एक भाऊ दक्षिण आफ्रिकेत जाऊन तिथलाच झालेला. फराइजचे हिस्से ठरलेले आहेत, कोणाला किती यावर वाद घालायला जागाच नाही. तरी मय्यतीच्या चाळिसाव्यानंतर विषय काढला तर घरात फूट पडेल या भीतीने कोणी काढत नाही, आणि वारस नोंद राहून जाते. बहिणींचे नाव चढू नये म्हणूनही राहून जाते, हेही स्पष्ट बोललेले बरे. वादळात वाडी जाते तेव्हा त्या बहिणीचे तर जातेच, वाडी राखणाऱ्या भावालाही मदतीसाठी सगळ्यांच्या संमतीपत्रांमागे धावावे लागते.

न्यू ऑर्लिन्समध्ये ज्यांचे कागद ठीक होते त्यांनाही न्याय मिळालाच असे नाही. घरबांधणीसाठी ‘रोड होम’ नावाची मोठी योजना निघाली. एका घराला जास्तीत जास्त दीड लाख डॉलर. सूत्र असे होते की वादळापूर्वीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांत जी रक्कम कमी, ती धरायची. वरवर पाहता सूत्र न्याय्य दिसते. पण गरीब वस्तीतल्या घराचा बाजारभाव कमी आणि श्रीमंत वस्तीतल्या तशाच घराचा जास्त. विटा, सिमेंट, लाकूड आणि सुताराची मजुरी दोन्हीकडे तीच. त्यामुळे लोअर नाइन्थमधल्या माणसाला घर उभे करायला लागतील त्याहून खूपच कमी पैसे मिळाले. २००८ मध्ये याविरुद्ध दावा दाखल झाला, आणि २०११ च्या तडजोडीत सुमारे ६ कोटी २० लाख डॉलर आणखी देण्याचे ठरले. तोपर्यंत पुष्कळांनी प्लॉट विकून टाकला होता. भाडेकरूंना तर या सूत्रात जागाच नव्हती. शहरातली निम्म्याहून अधिक घरे भाड्याची असतानाही. म्हणून शहराची आर्थिक तयारी म्हणजे फक्त रक्कम गोळा करणे नव्हे. ती कोणत्या सूत्राने वाटली जाणार हे वादळापूर्वी, शांत डोक्याने, सगळ्या वस्त्यांना समोर बसवून ठरले पाहिजे. नंतर ठरते तेव्हा कागद आणि वकील ज्याच्याकडे असतात तो पुढे निघून जातो.

कतरिनानंतर काही गोष्टी खरोखर सुधारल्या. केंद्र सरकारने सुमारे १,४५० कोटी डॉलर खर्चून बांध, दरवाजे आणि पंप यांची नवी व्यवस्था उभी केली. शहरात १७ ठिकाणी हात वर केलेल्या माणसाच्या आकाराचे उंच पुतळे उभे आहेत. सक्तीने शहर सोडण्याचा हुकूम निघाला की ज्याच्याकडे गाडी नाही त्याने तिथे जाऊन उभे राहायचे, बस फुकट नेते आणि परत आणून सोडते. २००८ मध्ये गुस्ताव वादळाच्या वेळी हजारो लोक असे बाहेर पडले. आम्हाला विचाराल तर ही फुकट बस शहराच्या आर्थिक तयारीतली सर्वांत शहाणी तरतूद आहे. अलीकडे राज्य सरकार मजबूत छपरासाठी घरमालकाला १०,००० डॉलरपर्यंत अनुदानही देते.

२०२१ मध्ये पुन्हा २९ ऑगस्टलाच इडा वादळ आले. बांध टिकले. पण वादळ इतक्या वेगाने बळावले की संपूर्ण शहर रिकामे करण्याचा हुकूम काढायला वेळच उरला नाही, म्हणजे बसही नाही. शहराला वीज पुरवणाऱ्या आठही मुख्य वाहिन्या बंद पडल्या. भर उन्हाळ्यात शहर दिवसचे दिवस अंधारात राहिले. वीज नाही म्हणजे एटीएम नाही, कार्ड चालत नाही. ज्यांच्या घरात थोडी रोकड होती त्यांना बर्फ आणि पेट्रोल मिळाले. आणि तारीख, पुन्हा, महिनाअखेरची.

एक बदल मात्र त्याच वादळाच्या पाठोपाठ झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये फेमाने नियम सैल केला. वारसाहक्काने राहणाऱ्या कुटुंबाकडे मालकीचा दाखला नसेल तर घरदुरुस्तीच्या पावत्या, कोर्टाचे कागद, अधिकाऱ्याचे पत्र, आणि काहीच नसेल तर स्वतःचे लेखी प्रतिज्ञापन चालेल असे ठरले. कतरिना होऊन तोवर १६ वर्षे झाली होती. लोअर नाइन्थ वॉर्डात अजूनही रिकामे प्लॉट दिसतात, गुडघाभर गवत वाढलेले. काही ठिकाणी रस्त्यावरून वर जाणाऱ्या सिमेंटच्या तीन-चार पायऱ्या तेवढ्या उभ्या आहेत, वर घर नाही.